वरची बाजू

१

त्या आठवड्यात चैत्रालीची झोप उडाली ती एका थापेपायी. थाप तशी लहान होती आणि सासूबाईंना मारलेली होती, म्हणजे तिच्या मते ती अर्धीच धरायला हवी. सरोजिनीबाईंनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, "जावळ सोडलंस ना गं वाहत्या पाण्यात?" आणि चैत्राली म्हणाली होती, "हो आई, परवाच. कणकेच्या गोळ्यात घालून." कणकेचा गोळा तिने ऐनवेळी पदरचा घातला. थापेला तपशील लागतो.

जावळ होतं कपाटात. स्वेटरांच्या मागे, निळ्या झाकणाच्या डब्यात, कागदाच्या पुडीत. सिंगापुरात पाण्यात काही सोडायला जावं तर आधी दंडाची पाटी दिसते आणि मग पाणी, हे एक कारण. दुसरं, ते केस टाकवत नव्हते. वल्लरीचं तिसरं सरायच्या आत, नोव्हेंबरात, लिटल इंडियातला एक तमिळ न्हावी घरी येऊन ते काढून गेला होता. मामाच्या मांडीवर बसवायचं तर मामा टोरांटोला. केस झेलायला आत्या हवी, तर ती बंगळूरला. तेव्हा मांडी सौमित्रची आणि ओंजळ चैत्रालीची. रेशमासारखे केस, टोकाला सोनेरी. न्हाव्याने वल्लरीच्या टाळूवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "टू सर्कल, मॅडम. व्हेरी नॉटी." दोन भोवरे होते, एकमेकांच्या उलटे फिरणारे.

तेव्हापासून चैत्रालीला चाळाच लागला होता. लिफ्टमध्ये, बुटांचे बंद बांधताना, घास भरवताना ती आधी ते दोन भोवरे बघायची. मूल आईला जास्त करून वरूनच दिसतं. हनुवटीखाली खुर्चीच्या कडेने झालेला अर्ध्या बोटाचा व्रण आहे, हे तिलाही वल्लरीला झोपवल्यावरच आठवायचं.

तर मंगळवारी तिने डबा उघडला आणि पुडी हलकी लागली. केसांना वजन असतं की काय, असं तिने स्वतःलाच सुनावलं. ती एका विमा कंपनीत पॉलिसीतल्या अटी तपासायची. धोक्यांच्या याद्या वाचण्याचा तिला पगार मिळायचा, आणि घरी ती तेच फुकट करते असं सौमित्र म्हणायचा. पण पुडीचा लाल दोरा तिने सुरगाठीने बांधला होता. आता तिथे एक घट्ट, बारीक, सफाईदार गाठ होती. ती तिची नव्हती.

२

"चिमूटभरच घेतले," सौमित्र म्हणाला.

शनिवारची सकाळ होती. जेवणाच्या टेबलाच्या कडेला त्याने आपला छोटा पितळी चिमटा अडकवला होता, चिमट्यात गळ धरला होता आणि गळावर दोरा गुंडाळत तो माशी बांधत होता. आठवडाभर हार्बरफ्रंटच्या ऑफिसात जहाजांची वेळापत्रकं जुळवायची आणि सुट्टीला सेम्बावांगच्या त्यांच्या ब्लॉकमागच्या कालव्यावर, पाटी लावून परवानगी दिलेल्या टापूत, मासे धरायचे. तेही गांडुळाने नाही. पिसं, केस, दोरे बांधून केलेल्या खोट्या माशीने. घरात मासे कुणी खात नसे. धरायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. "खायचा नाही तर धरतोस कशाला मेल्या," असं सरोजिनीबाईंनी विचारलं होतं, आणि त्याला अजून उत्तर सापडलं नव्हतं.

"कशाला घेतलेस?"

"माशीला. सशाचे केस बघितले, बदकाची पिसं बघितली. ह्याच्यापुढे काहीच नाही. काय तरंगते गं."

"तू आपल्या मुलीचे केस गळाला बांधलेस."

"असं म्हटलं की वाईट वाटतं."

"मग कसं म्हणू?"

"पाण्यातच सोडायचे होते ना? तू सोडत नव्हतीस. मी सोडले."

"सोडले नाहीस. बांधून टाकलेस आणि परत ओढून घेतलेस. किती वेळा?"

सौमित्रने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "पन्नासेक."

टेबलाखालून वल्लरीने डोकं काढलं. चाइल्डकेअरमधली सिंगापुरी इंग्रजी तिच्या मराठीत मिसळायची. "बाबा, फिशला कळत नाही मेह? दॅट वन फेक."

"मासा खालून बघतो ना, राणी. त्याला माशीचं पोट दिसतं, पाय दिसतात, सावली दिसते. तेवढं जमलं की झालं. वरची बाजू कशीही असली तरी चालते." त्याने माशी तिच्या नाकासमोर धरली. "हा वर पांढरा तुरा लावलाय ना, तो मला दिसावा म्हणून. त्याच्यासाठी नाही."

"अँड इफ ही थिंक फर्स्ट?"

"विचार करत बसणारा मासा उपाशी मरतो. आपल्याला हवं तसं काहीतरी समोर हललं, की त्याची झेप गेलीच."

चैत्रालीने विचारलं, "कुठाय ती केसांची माशी?"

"गेली. गेल्या रविवारी."

"मासा लागला?"

"तेच तर." त्याने हातातलं काम थांबवलं. "मासा झटका देतो. हे तसं नव्हतं. कुणी आपल्या हातातून वस्तू हळूच काढून घ्यावी, तशी गेली. ओढला तर दोरा रिकामा."

"तुटला असेल."

"तुटला की टोक कुरळं होतं. हे सरळ होतं. गाठ सोडलेली होती."

"सुटलेली."

"हो, सुटलेलीच," सौमित्र म्हणाला. पण त्याची गाठ दोन वर्षांत कधी सुटली नव्हती, आणि पुडीवरची ती बारीक गाठ चैत्रालीला काल नखाने सोडवता आली नव्हती. शेवटी तिने कात्री लावली होती.

३

त्या साली हवेचं काहीतरी बिनसलं होतं. डिसेंबर इथला पावसाचा महिना, तो कोरडा गेला. ब्लॉकमागचा कालवा पूर्वी सिमेंटचा सरळ नाला होता. मग सरकारने तो फोडून त्याची नदी केली होती, वळणं घालून, काठाला गवत लावून, पाण्यातून पलीकडे जायला सपाट दगडांची रांग टाकून. डिसेंबरात ते दगड बुडापर्यंत उघडे पडले. आणि जानेवारीच्या मध्यावर पाऊस आला तो चार दिवस थांबलाच नाही. पारा एकवीसवर. एरवी एसीसाठी ठेवलेली जाकिटं लोक रस्त्यावर घालून फिरू लागले. खाली काठावरच्या खांबांचे लाल दिवे लुकलुकायचे आणि पाणी चढतंय असं सांगणारा भोंगा दिवसातून दोनतीनदा वाजायचा. शनिवारी उघडलं. रविवारी ते तिघं दगडांवर जाऊन आले, तिथे वल्लरीची स्ट्रॉबेरीची क्लिप पाण्यात पडली, ती थोडी रडली. "प्लॉप, देन गॉन," असं तिने घरी येऊन आजीला फोनवर सांगितलं.

सोमवारी ऊन पडलं. चैत्राली घरूनच काम करत होती. चारच्या सुमाराला नवव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला कालव्यावर धूर दिसला. धूर सरळ उभा होता आणि हलत होता. तिने चष्मा घातला. तो धूर नव्हता, चिलटांहून थोड्या मोठ्या माश्या होत्या, लाखांनी, पाण्यातून वर येणाऱ्या.

फोनवर सौमित्र लहान मुलासारखा झाला. "हॅच आहे ती. अगं, इथे असं होतच नाही. इथे बारा महिने थोड्याथोड्या निघतात. ह्यांची पिल्लं खाली दगडांना धरून असतात. महिनाभर पाणी नाही म्हणून थांबली, मग गारठ्याने थांबली, आणि आता उन्हात सगळी एकदम सुटली. एका दिवसाचं आयुष्य. तोंडसुद्धा नसतं बिचाऱ्यांना."

"तोंड नसतं?"

"खायला वेळच नसतो ना."

तो पाचला गळाची काठी घेऊन कालव्यावर गेला आणि साडेसहाला तोंड पाडून आला. "एवढी माशी पाण्यावर पडली होती, आणि एक मासा वर आला नाही. एक नाही. पाणी सपाट. जणू खाली कुणी नाहीच."

"किंवा कुणीतरी आहे," चैत्राली म्हणाली. गंमत म्हणून म्हणाली. कुणी हसलं नाही, तीही नाही.

सकाळी खिडकीच्या कठड्यावर मेलेल्या माश्यांचा थर होता. ती कागदावर झाडून घेत होती आणि त्यात एक वेगळी दिसली. उताणी पडलेली. पोटावरची वळी, सहा पाय, पायांवरची लव, सगळं इतरांपेक्षाही नीट, जरा जास्तच नीट. तिने काडीने ती पालथी केली. वर काहीच नव्हतं. भरतकामाची उलटी बाजू असते तसे ओले, राखाडी, सुटे धागे. डोळे नाहीत, डोकंही धड नाही. पंख मात्र होते, आणि ते केसांचे होते. तपकिरी, टोकाला सोनेरी.

गळ नव्हता. तो कुणाला तरी अजून जमला नव्हता, असं तिच्या मनात आलं, आणि असं मनात आल्याचा तिला राग आला.

४

तिने ती माशी वाटीत घालून वर ताटली ठेवली. संध्याकाळी सौमित्रला दाखवायला ताटली उचलली, तर वाटीत चमचाभर पाणी आणि चारपाच केस.

"घरात केस असतातच," सौमित्र म्हणाला. "तुझेच असतील. तुझे गळतात."

"माझे सोनेरी आहेत का?"

"चैत्राली, माझी माशी असती तर तिला गळ असता. आणि नवव्या मजल्यावर ती चढून कशी येईल?"

खरं तर तिला बरं वाटलं. आपण चुकलो हे कुणीतरी सिद्ध करून दिलं की तिला नेहमीच बरं वाटायचं. लग्नाला तिने एवढ्यासाठीच होकार दिला असावा असाही तिचा एक अंदाज होता. कारणंही होती. झोप पुरी नाही. चष्म्याचा नंबर बदललाय. थाप मारलीय, आणि थाप मारलेल्या माणसाला भिंतीवरची पाल बोलताना ऐकू येते.

गुरुवारी वल्लरीला चाइल्डकेअरमधून आणताना दोघी कालव्याच्या काठाने आल्या. दगडांची रांग जिथे सुरू होते तिथे, पहिल्याच दगडावर, कुणीतरी आणून ठेवावी तशी मधोमध, स्ट्रॉबेरीची क्लिप होती.

"बघ, नदीने परत दिली," चैत्राली म्हणाली आणि उचलून पर्समध्ये टाकली.

घरी तिने वल्लरीला समोर उभं केलं. दोन महिन्यांचे बोटभर केस, त्यांना क्लिप लागत नव्हती, पण वल्लरीला लागत होती. दोन भोवऱ्यांच्या मधून चैत्राली ती सरकवू लागली आणि वल्लरीने हात मागे नेऊन ती काढली, बोटांनी चाचपली.

"धिस वन नॉट माइन."

"तुझीच आहे गं. पाण्याने रंग गेला असेल."

"माइन गॉट सीड्स. अँड लीफ. धिस वन नथिंग."

चैत्रालीने घेऊन बघितली. खालची बाजू तीच होती. दातेरी पट्टी, वल्लरीने चावून चावून पाडलेले दोन खळगे, गंजाचा ठिपका. पालथी केल्यावर तांबडट, गुळगुळीत, ओला गोळा. बिया नाहीत, पान नाही. वल्लरी पाण्यावर ओणवी झाली होती तेव्हा क्लिप जशी आणि जेवढी खालून दिसली असेल, तेवढीच ती केलेली होती.

आणि आतली तार एका टोकाला वळवलेली होती. दोनदा वळवून सोडून दिली होती, मग तिसऱ्यांदा वळवली होती. गळाचं ते वळण तिने सौमित्रच्या चिमट्यात शंभरदा पाहिलं होतं.

तिने स्वयंपाकघरातल्या कचरा थेट तळाशी टाकायच्या नळीचं, शूटचं झाकण उघडलं आणि क्लिप आत टाकली. नऊ मजले खाली काहीही पडलं की ठण्ण वाजतं. ती कान देऊन उभी राहिली. आत वाऱ्याचा आवाज होता, एवढंच.

"आई, यू स्टँडिंग देअर फॉर व्हॉट?" वल्लरी म्हणाली.

५

आता चैत्राली विचार करू लागली, आणि विचार करणं हे तिचं कामच होतं. समजा, असं तिने स्वतःला म्हटलं, नुसतं समजा. खाली काहीतरी आहे. त्याने एक माशी घेतली, सोडवून बघितली, आणि कशी बांधतात ते शिकलं. त्याला सगळं खालूनच दिसतं. आधी माशी केली, मग क्लिप. मग पुढे काय करेल?

तिला उत्तर लगेच सापडलं, म्हणूनच ते बरोबर वाटलं. वल्लरी आपल्या आईकडे नेहमी खालून बघते. हनुवटी, नाकपुड्या, छत्रीची आतली बाजू. तेवढं जमलं तर तीन वर्षांच्या मुलीला बोलवायला पुरे आहे.

शुक्रवारी सकाळी वल्लरीला सोडताना तिने टीचरला बाजूला घेतलं. आजपासून न्यायला कुणीही आलं तरी पासवर्ड विचारायचा. मी आले तरी.

"बट मम्मी, आय नो युअर फेस."

"तरीही."

टीचर तिच्याकडे बघत राहिली. अशा आया तिने पाहिलेल्या असणार. पासवर्ड 'थालीपीठ' ठेवू म्हटलं, तर टीचरला ते म्हणता येईना. शेवटी 'पपाया' ठरलं, आणि ते तिने सौमित्रला मेसेजवर कळवून टाकलं. परत येताना चैत्रालीला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त हायसं वाटलं.

दुपारी तिने आपण होऊन पुण्याला फोन लावला. "आई, मी तुमच्याशी खोटं बोलले. जावळ अजून घरात आहे." मग सौमित्रचं, माशीचं, पन्नास वेळा ओढून घेतल्याचं सगळं सांगितलं. क्लिपचं सांगितलं नाही. एका फोनला एक कबुली पुरे.

"सौमित्र लहानपणी कुत्र्याला पोळी दाखवून पळवायचा," सरोजिनीबाई म्हणाल्या. "दाखवायचा आणि मागे घ्यायचा. एकदा त्याला चावलं ते. मी कुत्र्याला नाही ओरडले."

"आता काय करू?"

"काय करायचंय? राहिलंय ते देऊन टाक. मोकळ्या हाताने दे, आणि मागे बघत बसू नकोस. घरी निघून ये." मग फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "कणिक मात्र खरी मळ हो."

६

साडेतीनला तिने लॅपटॉप मिटला. मूठभर कणिक मळली, पुडी उघडून सगळं जावळ तिच्यात घातलं, गोळा वळला. मीटिंगसाठी फोन आवाज बंद करून ठेवला होता तो तसाच पर्समध्ये गेला. आधी कालवा, मग साडेचारला वल्लरी.

पाऊस पुन्हा लागला होता, बारीक आणि गार. काठावर कुणी नव्हतं. एरवी ह्या वेळी पळणारे असतात, कुत्री फिरवणाऱ्या बायका असतात. पाणी चहाच्या रंगाचं, अजून दगडांच्या खाली. तिने आजूबाजूला पाहिलं, दंडाच्या पाटीकडे पाहिलं, आणि काठाच्या गवतावर उकिडवी बसून गोळा पाण्यात सोडला.

तो तरंगला नाही, बुडालाही नाही. हातभर वाहत गेला, थांबला, आणि मग खाली गेला. कुणी हातातून हळूच काढून घ्यावा तसा.

मागे बघू नकोस, असं सासूबाईंनी सांगितलं होतं. ती उठली, छत्री सावरली, वळली, वीसेक पावलं चालली. तेवढ्यात खांबांचे दिवे लुकलुकू लागले आणि भोंगा वाजला. भोंग्याला माणूस वळतंच. तिने मागे बघितलं.

दगडांच्या रांगेत, चौथ्या दगडावर, पाठमोरी, पिवळा रेनकोट घालून वल्लरी उभी होती.

चाइल्डकेअर साडेचारला सुटतं, हे तिला माहीत होतं. टीचर मुलांना पावसात बाहेर काढत नाही, हे माहीत होतं. पासवर्ड तिनेच ठरवला होता. हे सगळं तिला नंतर आठवायचं होतं. त्या क्षणी छत्री कुठे पडली तेही तिला कळलं नाही. पहिला दगड, दुसरा, तिसरा. पाणी दगडांवरून वाहू लागलं होतं, चपलेत शिरत होतं, आणि ते पावसापेक्षा गार होतं.

"हलू नकोस, सोन्या. आई आली."

रेनकोट हलला नाही. टोपी पार खाली ओढलेली. चैत्रालीने चौथ्या दगडावर पाय ठेवला आणि तो लहानसा हात हातात घेतला. गार, ओला, पण हातच. पाच बोटं. त्या बोटांनी तिचा हात धरला, आणि तळव्यात काहीतरी बारीक टोचलं. नखं कापायला हवीत हिची, असं तिच्या मनात आलं. रविवारी राहूनच गेलं.

"कुणी आणलं तुला इथे? कोण होतं बरोबर? माझ्यासारखं कुणी होतं का?"

उत्तर नाही. तोंड बघावं म्हणून ती एक पाय खाली पाण्यात सोडून वाकली. टोपीच्या काठाखालून तिला हनुवटी दिसली, आणि हनुवटीखाली अर्ध्या बोटाचा तो व्रण, खुर्चीच्या कडेचा. घराबाहेर जगात कुणाला माहीत नसलेला. तिचा जीव भांड्यात पडला. माझीच गं, असं ती पुटपुटली. डोळ्यांत पाणी आलं.

"चल घरी."

तिने हात ओढला. हात आला नाही. उलट तळव्यातलं ते टोचणं जरा आत गेलं, आणि हळूच, अगदी हळूच, खालच्या बाजूला ओढ लागली.

पर्समध्ये फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. डाव्या हाताने तिने तो काढला. भोंगा वाजत होता. काचेवर पावसाचे थेंब. सौमित्रचे तीन मेसेज होते, पहिला अठरा मिनिटांपूर्वीचा.

"पावसामुळे ऑफिसने लवकर सोडलं. येताना वल्लरीला घेतलं. टीचरने मला खरंच पासवर्ड विचारला, काय हे बाई?"

"तू कुठेयस? भज्यांचं पीठ कुठे ठेवलंस?"

तिसरा फोटो होता. स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी वल्लरी उभी. सौमित्र उंच, त्याचे सगळे फोटो वरूनच निघतात. नुकतंच पुसलेलं डोकं, बोटभर केस, आणि टाळूवर स्पष्ट, एकमेकांच्या उलटे फिरणारे दोन भोवरे.

चैत्रालीने फोन खाली घेतला. पाणी घोट्यांच्या वर आलं होतं. तिच्या हातातला हात तसाच होता. पिवळ्या टोपीवर पाऊस पडत होता, आणि त्याचा आवाज येत नव्हता. खाली डोकं असतं तर आला असता, टप टप. कापड मधोमध आत बसत चाललं होतं, आणि तिथे पाणी साचत होतं.

टोपीकडे आपला फोन धरलेला हात जातोय, हे तिला दिसत होतं. तो तिने नेला नव्हता.

तेव्हा टोपीखालून वल्लरीच्या आवाजात आलं, "आई, वरून नको बघू. अजून फिनिश नाही झालं."